पाळी लागणे

गेल्या पावसाळ्यात घरची फायबरची जोडणी बंद पडली. दुरुस्तीला आलेला मुलगा स्टुलावर बसून भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बघत होता. लाल दिवा विझला होता आणि मीटरवर उणे एकवीस आले होते, म्हणजे उजेड पोचत होता. पण ‘पॉन’ असे लिहिलेला हिरवा दिवा काही स्थिर होईना, नुसता लुकलुकत होता. आता कशाची वाट बघायची, असे मी विचारले. तो म्हणाला, “काही नाही सर, पाळी लागली की थांबेल.”

मुलगा प्रवरेच्या कालव्याकडचा निघाला. त्याचे वाक्य माझ्या डोक्यात त्या दिव्यापेक्षा जास्त वेळ लुकलुकत राहिले. कारण या गोष्टीला पुस्तकात ‘माध्यम प्रवेश नियंत्रण शिष्टाचार’ म्हणतात. चार शब्द, चारही संस्कृत, आणि चारही मिळून जे सांगू बघतात ते त्याने अडीच अक्षरांत सांगितले होते. एका काचेच्या तारेवर बत्तीस किंवा चौसष्ट घरे लटकलेली असताना बोलायचे कोणी, कधी आणि किती वेळ? उत्तर: पाळी लागेल तेव्हा.

त्या चार शब्दांवर मात्र अन्याय नको. ‘माध्यम’ आणि ‘मीडियम’ हे भाषांतर नव्हे, भाऊबंदकी आहे. लॅटिन ‘मेडिउस’ आणि संस्कृत ‘मध्य’ एकाच घरचे. ‘कंट्रोल’ची गंमत वेगळी. जुन्या फ्रेंचमध्ये ‘कोंत्ररोल’ म्हणजे हिशेबाची उलटतपासणी करण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी, आपल्याकडची पडताळ्याची वही म्हणा. आणि ‘प्रोटोकॉल’? ग्रीक ‘प्रोतोस’ म्हणजे पहिले (आपल्या ‘प्र’ आणि ‘प्रथम’चा नातलग) आणि ‘कोल्ला’ म्हणजे डिंक, खळ. पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीस चिकटवलेले पान, ज्यावर ती गुंडाळी कुठली, कोणाच्या देखरेखीखाली झाली याची नोंद असे, ते ‘प्रोतोकोल्लोन’. म्हणजे कंट्रोल ही एक गुंडाळी आणि प्रोटोकॉल हे दुसऱ्या गुंडाळीचे पहिले पान. आजही प्रत्येक डेटा-पाकिटाच्या डोक्याला ‘मी कोणाचा, कोणाकडे निघालो’ हे सांगणारा मजकूर चिकटवलेला असतोच, तेव्हा डिंक अजून वाळलेला दिसत नाही. सरकारी मराठीने प्रोटोकॉलला ‘राजशिष्टाचार’ केले ते मंत्र्यांच्या स्वागतापुरते ठीक. दोन यंत्रांमधल्या बोलीला तो शब्द फेटा बांधल्यासारखा वाटतो.

पण आपण पाळीकडे वळू. शब्द वाटतो तितका साधा नाही. मराठीत कानाला पाळी असते, शेताला कुळवाच्या दोन पाळ्या देतात, गिरणीत रात्रपाळी असते, कालव्याला पाणीपाळी असते, बाईला पाळी येते, आणि वेळ वाईट असली की कोणावरही हात पसरायची पाळी येते. एवढ्या सगळ्यांना एका दोरीत ओवणारे मूळ कोणते?

संस्कृतात ‘पालि’ किंवा ‘पाली’ म्हणजे कड, काठ, बांध, आणि रांग, ओळ. सुश्रुतसंहितेत तुटलेली ‘कर्णपाली’ जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. आपल्या कानाची पाळी ती हीच, कानाची कड. तळ्याची पाळ हाही काठच, आणि गुजरातीतही ‘पाळ’ म्हणजे बांध. अर्थाचा प्रवास असा झाला असावा: आधी कड, मग कडेने जाणारी रेघ, मग रेघेत उभ्या राहिलेल्यांची रांग, मग रांगेतला आपला क्रम, आणि शेवटी तो क्रम येण्याची वेळ. कुळवाची पाळी या प्रवासात मध्यावर उभी आहे. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेल्या रेघा ही जागेची गोष्ट, पण ‘दोन पाळ्या झाल्या’ म्हणताना आपण वेळा मोजतो.

‘पालि’ भाषेचे नावही याच रांगेतले. बौद्ध परंपरेत ‘पालि’ म्हणजे मूळ ग्रंथाची ओळ, मूळ पाठ. त्यावरचे भाष्य ती अट्ठकथा. पाठाचे नाव पुढे भाषेला चिकटले. भिंतीवरची पाल मात्र ‘पल्ली’पासून आलेली, तिचा इथे संबंध नाही, जरी ती नेमकी त्या पांढऱ्या डबीमागेच राहत असली.

आणि ‘आळीपाळीने’! आपण हा जोडशब्द ‘कामबीम’सारखा, नुसत्या नादासाठी जुळवलेला धरून चालतो. पण ‘आलि’ म्हणजेही संस्कृतात रांगच. पुण्यातली तांबट आळी म्हणजे तांबटांच्या घरांची रांग. तेव्हा आळी म्हणजे ओळ आणि पाळी म्हणजेही ओळ. ‘आळीपाळी’ हे ‘कागदपत्र’सारखे सख्ख्या अर्थांचे जोडपे दिसते. (झाडाभोवतीचे आळे मात्र ‘आलवाला’चे. तिथेही पाणी आहे म्हणून फसायला होते.) गुजराती ‘रातपाळी’ आणि आपली रात्रपाळी शेजारी नांदतात, हिंदी भाषकांची ‘पाली’ त्यांच्याच जातीची, आणि कानडीतही पाळी म्हणजे खेप, पाळी. उत्तर कर्नाटकात दुकानापुढच्या रांगेलाही पाळी म्हणतात, असे ऐकले की वाटते, शब्दाने आपले बालपण तिथे जपून ठेवले आहे.

हाच प्रवास अरबीतून आलेल्या एका शब्दाने वेगळ्या वाटेने केला. ‘नौबा’ म्हणजे पाळी. पहारा बदलण्याची वेळ, मग त्या वेळी राजद्वारी वाजणारी वाद्ये, मग ती वाद्येच. फारसीमार्गे आपल्या नगारखान्यात आली ती ही नौबत. तिकडे मोरोक्को-अल्जीरियाच्या संगीतात ‘नूबा’ म्हणजे रागमालिकेसारखी एक दीर्घ रचना. खलिफाच्या दरबारात गायक-वादक आपापल्या पाळीने हजेरी लावत, त्यावरून ते नाव पडले म्हणतात. इराणात आजही डॉक्टरकडे ‘नोबत’ घेतात, आपण नंबर लावतो तसा. आणि मराठीत? ‘घर विकायची नौबत आली.’ इथे ना वाद्य ना पहारा. ‘पाळी आली’ आणि ‘नौबत आली’ या दोघी वेगवेगळ्या देशांतून निघून एकाच दुःखाच्या उंबऱ्यावर भेटल्या आहेत. रांगेत उभे राहून चांगले काही मिळाल्याचा अनुभव आपल्या पूर्वजांना कमी आला असावा.

आता बारी. हे कोडे मला पाळीपेक्षा अवघड वाटते. पंढरपुरात दर्शनबारी असते. सिंधुदुर्गात डबलबारी असते: दोन बुवा समोरासमोर, एकाचे भजन झाले की दुसऱ्याची बारी, आणि रात्र सरते. पुणे जिल्ह्याच्या घाटांत बैलगाड्याची बारी असते. आणि कळसूबाईच्या पायथ्याला बारी नावाचे गावच आहे, जिथे बारी म्हणजे खिंड.

एक उमेदवार संस्कृत ‘वार’: नेमलेली वेळ, खेप. सोमवार म्हणजे सोमाची पाळी. वारंवार, एकवार, आणि ठरल्या वेळी पुन्हापुन्हा करायची ती वारी, हे सगळे त्याचेच गोत्र दिसते. हिंदी ‘बारी’ आणि कानडी ‘बारि’ (खेप) त्याच अर्थाच्या. फारसीतला ‘बार’, म्हणजे वेळ, खेप, हाही त्याचा लांबचा भाऊबंद असावा. दुसरा उमेदवार ‘द्वार’. या जोडाक्षरातला ‘द’ टिकला तर दार, ‘व’ टिकून त्याचा ‘ब’ झाला तर बार. मराठीने दार ठेवले, गुजरातीने ‘बारणुं’ आणि खिडकीसाठी ‘बारी’. खिंडीला आपण बारी म्हणतो ती डोंगराचे दार म्हणूनच. तिसरा उमेदवार पुन्हा फारसी, पण वेगळा ‘बार’: हुजूरात जाण्याची परवानगी, राजाची भेट. ‘दरबार’ या शब्दात दर म्हणजे दार आणि बार म्हणजे ही भेट, असे मानतात. तसे असेल तर ‘प्रवेश नियंत्रण’ या शब्दाला आपल्याकडे चारशे वर्षे ‘दरबार’ हा तयार प्रतिशब्द होता आणि समित्यांच्या लक्षात आला नाही.

दर्शनबारीत तर तिन्ही उमेदवार हजर आहेत: दार आहे, हुजूर आहे, आणि आपली पाळी आहे. डबलबारीत फक्त पाळी आहे. म्हणून माझे मत ‘वारा’ला, पण बारी गावच्या रहिवाशाने ते मानू नये.

पाण्याच्या बाबतीत मात्र वारच जिंकला. पंजाब-हरियाणात कालव्याचे पाणी ‘वारबंदी’ने वाटतात: वार म्हणजे पाळी, बंदी म्हणजे ती बांधून देणे. आठवड्याचे १६८ तास, ते एका चारीवरच्या शेतकऱ्यांत जमिनीच्या प्रमाणात वाटलेले. ज्याची वेळ, त्याला चारीतले सगळे पाणी. इतरांची तोंडे बंद. आपल्याकडची शेजपाळी तिची बहीण. लगतच्या शेतानंतर लगतचे शेत या क्रमाने पाणी, म्हणून शेज. शेज म्हणजे अंथरूणही, आणि ‘शेजार’ तिकडूनच आला असावा.

वारबंदीतले दोन शब्द मला फार आवडतात: भराई आणि झराई. वरच्या शेताकडून पाळी खालच्या शेताकडे गेली की मधली कोरडी चारी आधी भरावी लागते. तो वेळ वाया जातो, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, म्हणून तेवढा त्याच्या वाट्यात वाढवून देतात, ती भराई. उलट वरचे दार बंद झाल्यावरही चारीत उरलेले पाणी शेवटच्या शेताला झिरपत मिळते, तेवढा वेळ त्याच्या वाट्यातून कापतात, ती झराई. क्षर, झर, झरा या शब्दांचे ओले हात इथे दिसतात.

फायबरवरही नेमकी हीच अडचण. काचेतला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. माझे घर एक्स्चेंजपासून चार किलोमीटर धरा: जाऊन येऊन चाळीस. दुसरे घर बारा किलोमीटरवर: एकशेवीस. फरक ऐंशी मायक्रोसेकंदांचा. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरच्या फायबरच्या एका मानकात, घराकडून वर जाणारा वेग सेकंदाला १.२४४ अब्ज बिट, तेव्हा एवढ्या फरकात लाखभर बिट निघून जातात. आणि सगळ्यांच्या पाळ्या ज्या चौकटीत बसवायच्या ती चौकटच १२५ मायक्रोसेकंदांची. म्हणून नवी डबी लागली की एक्स्चेंजमधले यंत्र आधी तिचे अंतर मोजते आणि जवळच्या घराला जास्त थांबायला लावून सगळ्यांना सारख्याच लांब राहत असल्याचे भासवते. याचे नाव रेंजिंग. ‘रेंज’ म्हणजे फ्रेंच ‘रांग’, रांग लावणे, आणि हा फ्रेंच शब्द अगदी मराठी वाटला तरी निव्वळ योगायोग, त्याचा मूळ अर्थ वर्तुळ असावा. त्याच्या घरी इंग्रजी ‘रिंग’ आहे. तो हिरवा दिवा लुकलुकत होता तो या मोजणीसाठी. जागेचा वेळ करणे चालले होते. ‘पालि’ची पाळी व्हायला दोन हजार वर्षे लागली असतील, डबीला काही सेकंद लागतात.

एक फरक सांगायला हवा. चारीत पाणी एकाकडून अनेकांकडे जाते, इथे वाद उलट्या दिशेचा आहे: अनेकांचा उजेड एका तारेत शिरतो. खालच्या दिशेने सगळ्यांना सगळेच ऐकू जाते, ज्याचे त्याने उचलावे. वरच्या दिशेने मात्र शेजाऱ्याला शेजारी दिसत नाही. काचेचा फाटा प्रकाश फक्त एक्स्चेंजकडे जाऊ देतो. म्हणून ‘आधी कान देऊन ऐक, कोणी बोलत नसेल तर बोल’ ही ईथरनेटची जुनी रीत इथे निरुपयोगी.

त्या रीतीचे नाव ‘कंटेन्शन’. लॅटिन ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. ‘कोन्-तेंदेरे’ म्हणजे एकमेकांशी ताणून झगडणे. हा ‘तेन्’ आणि संस्कृत ‘तन्’ एकच. तन्‌पासून तंतू, तंत्र, तान, ताण. फारसी ‘तार’ही बहुधा त्याच मागावरचा. म्हणजे प्रकाशतंतूवर कंटेन्शन नको असे म्हणताना आपण एकाच धातूला दोन्ही बाजूंनी ओढतो. मराठीत या कंटेन्शनला आयता शब्द आहे, तोही याच धातूचा: ओढाताण. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या मंडळींनी ‘अलोहा’ नावाचे रेडिओजाळे चालवले, त्यात अशी मुक्त ओढाताण होती: वाटले की बोला, धडक झाली तर पुन्हा बोला. त्यात वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ कारणी लागतो, असे गणित सांगते. आमच्या गल्लीतल्या टँकरवर याहून वेगळे होत नाही. त्यातून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ‘ईथर’चे नाव काढले, ग्रीक ‘ऐथेर’, जळते ते वरचे आकाश, आणि त्याचा धातू आपल्या इंधन-समिधांचा.

ओढाताण टाळायचा एक जुना उपाय खूण, म्हणजे टोकन, फिरवणे. टोकन हा शब्द ‘दाखवणे’ या अर्थाच्या धातूचा, संस्कृत ‘दिश्’चा नातलग मानतात, तेव्हा टोकन, निर्देश, आदेश हे चुलतभाऊ. एकेरी रुळावर गाडीच्या ड्रायव्हरला चामडी पिशवीतला गोळा वेताच्या कड्यासकट देत: गोळा हाती तर रूळ तुझा. ऐंशीच्या दशकात फायबरवर आलेले एफडीडीआय नावाचे जाळे त्याच तत्त्वावरचे. उलटसुलट फिरणारी दोन वर्तुळे, सेकंदाला दहा कोटी बिट, आणि वर्तुळात फिरणारे एक टोकन. ‘टोकन-रिंग’ हे नाव ऐकून कोणाही संस्कृताच्या विद्यार्थ्याला शकुंतला आठवावी, कारण ‘अभिज्ञान’ म्हणजे टोकन आणि ते होतेच अंगठीत. तिथे खूण हरवली तेव्हा मासा आणि धीवर लागले. एफडीडीआयमध्ये खूण हरवली की सगळी स्थानके आपापला दावा वर्तुळात सोडतात, ज्याने कमीत कमी वेळाची फेरी मागितली तो जिंकतो आणि नवी खूण सोडतो. कालिदासाला ही सोय असती तर पाचव्या अंकात नाटक संपले असते.

घरोघरच्या फायबरने खूण सोडली आणि अर्ज-मंजुरी धरली. ईपॉनमध्ये (२००४ सालचे मानक) डबी ‘रिपोर्ट’ पाठवते: माझ्याकडे एवढा माल साचला आहे. एक्स्चेंज उत्तरादाखल ‘गेट’ पाठवते: अमुक क्षणी सुरू कर, अमुक वेळ चालव. कालव्याच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. नमुना नंबर सातवर पाण्याची मागणी करायची, मंजुरी आली की पाळीला दारे धरायची. ‘अर्ज’ अरबी, पुढे मांडणे. ‘मंजूर’ही अरबी, आणि त्यात ‘नजर’ आहे: मंजूर म्हणजे पाहिलेले. साहेबाने पाहिले म्हणजे झाले, हा आपला समज व्युत्पत्तीतच आहे म्हणायचा. इंग्रजीत या मंजुरीला ‘ग्रँट’ म्हणतात, आणि तिची वाट मोठी सुंदर आहे. ग्रँट जुन्या फ्रेंच ‘क्रेआंते’पासून, तो लॅटिन ‘क्रेदेरे’पासून, म्हणजे विश्वास ठेवणे, आणि ‘क्रेदो’ म्हणजे अक्षराला अक्षर ‘श्रत् + धा’, श्रद्धा. एक जण नजर टाकून देतो, दुसरा श्रद्धेने. डबीला दोन्ही सारखेच.

२००२ साली ग्लेन क्रेमर, बिश्वनाथ मुखर्जी आणि जेरी पेसाव्हेंतो यांनी यात एक खुबी सुचवली: पहिल्याचा माल पोचण्याआधीच दुसऱ्याला हाक द्यायची, म्हणजे मधली वाट कोरडी राहत नाही. भराईवरचा हा उपाय झाला. अशा हाकेला ‘पोलिंग’ म्हणतात. ‘पोल’ म्हणजे मुळात डोके, तेव्हा शब्दशः शिरगणती. आणि जी डबी बिघडून पाळी नसताना उजेड सोडतच राहते, सगळ्या फाट्याचे बोलणे बुडवते, तिला तंत्रज्ञ ‘रोग ओएनयू’ म्हणतात. ओएनयू म्हणजे ही डबीच, आणि इंग्रजीत ‘रोग’चा अर्थ लुच्चा. देवनागरीत लिहिले की निदान आपोआप होते.

राहता राहिली बारी आणि दार यांची भांडणे. खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे, तिथे शेतात पाणी फिरवणाऱ्याला बारेकरी म्हणतात. हा बारेकरी ‘वारा’चा की ‘द्वारा’चा? पाळी सांभाळणारा की पाण्याचे तोंड उघडणारा? दोन्ही कामे तोच करतो, त्यामुळे अर्थावरून निकाल लागत नाही. शेवटी त्या मुलालाच फोन लावला. म्हटले, तुमच्याकडे रात्री पाणी द्यायला जातात त्याला काय म्हणतात, बारे धरणे की दारे धरणे? जरा थांबला. पाठीमागे कुठल्या तरी जिन्यात ड्रिल चालू होते.

“आमच्याकडं नुसतं भरणं म्हणतात, सर,” तो म्हणाला. “वडील भरण्याला गेलेत.”